दुधाचे ऋण फिटते काय?

मुलगा कमावता झाला म्हणजे घरातील वडील मंडळी त्यास म्हणतात, 'आता आईचे पांग फेड.' बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, जेथे मराठी घर आहे तेथे हे वाक्य ऐकू येते. त्याच्या जोडीला आणखी एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे दुधाचे ऋण. आईने नऊ महिने पोटात वाहिले, अंगावर पाजले, ते ऋण जन्मभर फिटावयाचे नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मातृदिनाच्या उपासनेत व्यासपीठावरूनही हे सांगितले जाते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात.

डोळे पाणावले तर त्यात वावगे काही नाही. पण ऋण हा शब्द हिशेबाचा आहे. ज्याचे ऋण असते त्याला वसुलीचा हक्क असतो, आणि ज्याने काही दिलेच नाही त्याला मागण्याचा हक्क नसतो. आईच्या दुधाला हा हिशेब लागू पडतो काय? प्रश्न नुसत्या भावनेचा दिसतो, परंतु कित्येक घरांतील सुखदुःख त्यावर अवलंबून आहे, म्हणून वाचकांपुढे तो ठेवीत आहोत.

हिशेबाची भाषा घरात आली की काय होते ते पाहा. मुलगा आईचे पांग फेडावयास निघतो आणि फेडते मात्र सून. पहाटेचे पाणी तापविणे, पथ्याचे जेवण, रात्रीची औषधे, हे सारे ज्या स्त्रीने त्या माउलीच्या दुधाचा एक थेंबही घेतलेला नाही तिच्या वाट्याला येते, आणि दुधास जागला म्हणून नाव मुलाचे होते. दुसरीकडे, दूध तर मुलीनेही प्याले. पण तिने म्हाताऱ्या आईस आपल्या घरी आणले की लोक नाके मुरडतात. जावयाच्या दारी राहणे त्या आईलाही लाजिरवाणे वाटते. ऋण खरेच दुधाचे असते, तर ते प्यालेल्या साऱ्यांवर सारखे असावयास हवे होते.

इतकेच नव्हे, तर दूध देतानाही आपला समाज सारखे देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. भारतात मुलींना मुलांपेक्षा लवकर अंगावरून तोडले जाते, असे त्यात आढळले. कारण आईची निर्दयता नव्हे. मुलगी झाली की घरात पुढच्या बाळंतपणाची, मुलाची वाट पाहणे सुरू होते. पाजणे चालू असता दिवस सहसा लवकर जात नाहीत, म्हणून मुलीचे दूध आधी तुटते. देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे ह्याची वही काढावयाचीच असेल, तर हे पानही उघडावे लागेल.

आता दुसरी बाजू. काही बाळंतिणींना दूध पुरेसे येत नाही. कोणी शस्त्रक्रियेतून उठलेली असते, कोणाचे मूल दिवस न भरता जन्मलेले असते, तर कोणाला घ्यावी लागणारी औषधे अशी असतात की डॉक्टरच पाजू नका म्हणतात. आम्ही पाळकांबरोबर प्रार्थनेसाठी घरोघरी जातो, तेव्हा अशा घरातील बोलणे कानांवर पडते. एका घरी खाटेवर कोवळी पोर बसलेली होती, बाळ आजीच्या मांडीवर वाटी-चमच्याने दूध पीत होते, आणि भेटीस आलेल्या एक बाई तिच्या देखत म्हणाल्या, 'अंगावर प्याले नाही ते लेकरू आईचे कसे होणार?' बाईंच्या मनात वाईट नसेलही. पण त्या पोरीने मान खाली घातली ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही. दुधाचे ऋण ह्या शब्दाचे हे दुसरे टोक आहे. ज्या माउलीपाशी दूध नाही तिचे मुलावर काही येणेच नाही, असा त्याचा अर्थ होऊन बसतो.

कोणी असे समजू नये की आम्ही दुधाची थोरवी कमी करू पाहतो. ती जितकी सांगावी तितकी थोडीच. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जो पिवळसर चीक येतो तो चमच्या-दोन चमच्यांनी मोजावा इतकाच असतो; पण नवजात बालकाचे पोटही तेवढेच असते, आणि रोगांशी झुंजणारी द्रव्ये त्यात खच्चून भरलेली असतात. आपल्याकडे कित्येक घरांत हा चीक पिळून टाकीत व बाळाला मध चाटवीत, अजूनही कोठे कोठे टाकतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण हौसेने खातो आणि स्वतःच्या लेकराचा चीक टाकून देतो, हे विपरीतच म्हणावयाचे. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी लावावे, सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे वा त्याहून अधिक पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डब्यातील दुधाच्या जाहिरातींनी गरीब देशांत फार अनर्थ केला, म्हणून १९८१ साली त्या संघटनेच्या सभेने अशा विक्रीसाठी नियम घालून दिले, आणि आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने ह्या जाहिरातींना बंदी झाली.

ह्या विषयात शरीराची रचना पाहिली म्हणजे उत्पन्नकर्त्याची स्तुती केल्यावाचून राहवत नाही. मूल चोखू लागले की त्याची वर्दी आईच्या मेंदूपर्यंत जाते. तेथून एक द्रव्य सुटते ते दूध बनवावयास लावते, आणि दुसरे, ज्याला ऑक्सिटोसिन म्हणतात, ते पान्हा फोडते. पुष्कळदा मूल चोखण्याचीही गरज नसते, त्याचे रडणे कानी पडले तरी पान्हा फुटतो. उलट भीती, वेदना, काळजी ह्यांनी तेच ऑक्सिटोसिन अडते व पान्हा चोरला जातो. म्हणजे ज्या घरात बाळंतिणीला 'तुला दूध कसे नाही' म्हणून टोचतात, तेथे ते टोचणेच दुधाच्या आड येते. दूध एकट्या आईचे नसते. तिला दोन घास ऊन जेवण कोणी दिले, तिची झोप कोणी राखली, तिच्याशी कोणी गोड बोलले, ह्या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. मग ऋणाच्या वहीत ह्या लोकांची नावे कोण लिहितो?

आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञांस आढळली आहे. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात व तेथेच राहतात. मुलाच्या जन्मानंतर २७ वर्षांनीही त्या आईच्या रक्तात सापडल्या, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. आई मुलाला आपले अंश देते हे आपण जाणतोच. मूलही आईच्या ठायी आपला अंश ठेवून जाते. कोणी कोणाचे देणे लागतो, हे सांगणे इतके सोपे नाही.

मग हे नाते दुधाने बांधले जाते की आणखी कशाने? पवित्र शास्त्रात ह्याविषयी एका दाईची गोष्ट आहे. ती शब्बाथ शाळेत फारशी शिकविली जात नाही. रिबका इसहाकाशी लग्न करावयास निघाली तेव्हा तिची दाई तिच्याबरोबर गेली. तेथे त्या दाईचे नावही दिलेले नाही. पुढे कितीतरी अध्यायांनंतर, याकोब बेथेल येथे असता, ती मरण पावते, आणि तेव्हा प्रथमच तिचे नाव कळते: दबोरा. तिला एका वृक्षाखाली पुरले आणि त्या झाडाला रुदनाचा वृक्ष असे नाव पडले. नवलाची गोष्ट ही की खुद्द रिबकेच्या मरणाची हकिकत शास्त्रात नाही. तिला कोठे पुरले एवढाच उल्लेख मागाहून येतो. पण जिने तिला पाजले त्या चाकर स्त्रीसाठी लोक इतके रडले की झाडाचे नाव बदलले. ती रिबकेची जन्मदाती नव्हती.

आपल्या मराठी इतिहासातही अशी एक दाई आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती. कापूरहोळच्या धाराऊने त्या बालकास पाजले. सईबाई १६५९ मध्ये वारल्या आणि जिजाबाईंनी नातवाला वाढविले. आता त्या बालकाच्या आया किती झाल्या? एकीने जन्म दिला, एकीने दूध, एकीने संस्कार. तिघींपैकी कोणाचे ऋण आधी फेडावे, हे विचारणे आम्हांस तरी अप्रस्तुत वाटते.

धाराऊचे नाव निदान राहिले. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातील ती पहिलीच समजली जाते. तेथे बाळंतिणी आपले जास्तीचे दूध देतात, ते तपासून, निर्जंतुक करून दिवस न भरलेल्या व अशक्त बालकांना देतात. देणारीला ठाऊक नसते की दूध कोणत्या बाळाच्या ओठी लागले, आणि बाळालाही कधी कळणार नाही. नाव 'पेढी', पण तेथे कर्ज नाही, व्याज नाही, वसुली नाही.

१९५८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्लो नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या पिलांवर एक प्रयोग केला. पिलांना आयांपासून तोडून त्याने त्यांच्यापुढे दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची व दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावलेली असली तरी पिले तिच्याकडे दूध पिण्यापुरतीच जात, आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसत. भय वाटले तरी तिच्याचकडे धाव घेत. मुक्या जिवांवर असा प्रयोग करणे आम्हांस निर्दयपणाचेच वाटते. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. पोट भरणारी ती आई असे पिलू मानीत नाही. जी कवटाळू देते ती आई.

वाटी-चमच्याने पिणाऱ्या बाळाच्या आईने हे ऐकावे. छातीशी धरणे, अंगाची ऊब देणे, रडण्याला ओ देणे, हे तिच्या हाती पुरते आहे. बापाच्या व आजीच्याही हाती आहे. केडगावच्या मुक्ती सदनाची आठवण येथे होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून, आणि १९०० मध्ये गुजरातेतून, पोरक्या झालेल्या कित्येक मुलींना तेथे आणले. त्यांना ज्या स्त्रियांनी वाढविले त्या त्यांच्या जन्मदात्या नव्हत्या, आणि तरी त्या मुलींच्या पुढील पिढ्यांत कित्येक जणींनी त्या घराला माहेर मानले.

आता दूध तुटण्याविषयी. इब्री भाषेत मुलाला अंगावरून तोडणे ह्यासाठी जो धातू वापरतात, त्याचे अर्थ फळ पिकणे आणि कोणावर भरभरून उपकार करणे असेही होतात. म्हणजे दूध तोडणे म्हणजे काढून घेणे नव्हे. देणे पुरे झाले, फळ पिकले, असा त्यात भाव आहे. म्हणूनच इसहाकाचे दूध तुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. आपल्याकडे उष्टावणाचा सोहळा होतो, दूध तुटण्याचा मात्र होत नाही. आई कडुनिंबाचा पाला लावते, मूल दोन रात्री रडते, आणि तीही अंधारात डोळे पुसते.

एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दावीद आपल्या जिवाला दूध तुटलेल्या बालकाची उपमा देतो, अंगावर पिणाऱ्या बालकाची नाही. ह्यातील खोच सहज निसटते. तान्हे आईच्या मांडीवर येते ते दुधासाठी. वास लागला की झोंबते, मिळाले नाही की रडते. दूध तुटलेले मूल त्याच मांडीवर येते, पण आता त्याला काही मागावयाचे नसते. ते केवळ आईसाठी आईजवळ बसते. आमच्या मते आई आणि मूल ह्यांचे टिकणारे नाते येथून सुरू होते. दुधाने त्याला मांडीची वाट दाखविली. दूध संपल्यावरही ते त्या वाटेने येत राहिले, तर ते ऋण फेडण्यासाठी येत नाही.

आणि हन्नेकडे पाहा. तिने शमुवेलाला मागून घेतले होते. दूध तुटेपर्यंत ती शिलोस गेली नाही. त्या लोकांत तीन वर्षे पाजण्याची चाल होती असे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकावरून दिसते; ते पुस्तक आपल्या शास्त्रात नाही, पण चालीरीतींसाठी उपयोगी आहे. दूध तुटताच तिने मुलाला मंदिरात नेऊन दिले. वसुलीची वेळ येण्याच्या आधीच तिने हक्क सोडला. पुढे दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेई. ह्या झग्याविषयी आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. मूल डोळ्यांसमोर नाही, अंगाचे माप घेता येत नाही. यंदा किती वाढला असेल, खांद्यात किती भरला असेल, हे तिने मनानेच ठरवावयाचे. दूध थांबले, पण ते माप घेणे थांबले नाही.

येथे कोणी म्हणेल, ऋणच नाही तर मुलांनी हात झटकावेत काय? तसे म्हणणाऱ्यांस प्रभूने फार कठोर शब्दांत सुनावले आहे. आईबापांना जे द्यावयाचे ते देवाला अर्पण केले, कुर्बान केले, अशी सबब सांगून मोकळे होणाऱ्या परूश्यांची गोष्ट मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. तेव्हा आईला सांभाळणे टळत नाही. फक्त त्याचे कारण बदलते. 'पांग' ह्या शब्दाला जुन्या मराठीत उणीव, गरज असाही अर्थ आहे. पांग फेडणे म्हणजे कर्ज चुकते करणे असे आपण समजतो. त्या अर्थाने पाहिले तर ते आहे आईची उणीव भरून काढणे. कर्ज मागे पाहते, तिने काय दिले. उणीव पुढे पाहते, तिला आज काय हवे. हे मुलाला विचारता येते तसे मुलीलाही, आणि जिने पाजले नाही त्या आईविषयीही विचारता येते. वधस्तंभावर असता प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपविले, ते तिची उणीव पाहून. त्या शिष्याने तिचे दूध प्याले नव्हते.

ज्या मुलांना आईने टाकले, ज्यांच्या आईचे मन कोणत्याही कारणाने आटले, त्यांच्यापुढे मातृप्रेमाची एकसुरी स्तुती करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. यशया संदेष्टा हे जाणतो. पाजणारी आईही एखादे वेळी विसरेल, हे तो मान्य करतो, आणि मग देवाच्या न विसरण्याविषयी बोलतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मातृदिनाचा धडा घेताना वर्गात अशी मुले असतात हे ध्यानात ठेवावे. कवी रे. नारायण वामन टिळक ह्यांनी प्रभूला आई म्हणून साद घातली ती मराठी भजनांच्या परंपरेतून आली हे खरे, पण ती साद अशा मुलांच्या फार उपयोगी पडते.

शेवटी मंडळीच्या एका व्यावहारिक बाबीकडे वळतो. २०१७ पासून नोकरदार स्त्रीला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण ऊस तोडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, रोजावर जाणाऱ्या आपल्या भगिनींना ती कोठून मिळणार? एस.टी.च्या कित्येक स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष झाले. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावणाऱ्या गवळणीचे हे नाव. आपल्या मंदिरांत काय आहे? बाळ रडू लागले की पुढच्या बाकांवरून माना वळतात, आई उठते, बाहेर पायरीवर उन्हात बसते आणि उपदेश संपल्यावर आत येते. मागच्या बाजूला एक पडदा, एक खुर्ची आणि पिण्याचे पाणी एवढे ठेवावयास कोणत्याही कमिटीच्या मंजुरीला फार दिवस लागू नयेत. योएल संदेष्ट्याने पवित्र सभा बोलाविली तेव्हा वडिलांबरोबर अंगावर पिणाऱ्या तान्ह्यांनाही जमवावयास सांगितले. ती तान्ही एकटी कशी आली असतील? त्यांच्या आया त्यांना घेऊन आल्या असतील, आणि सभा लांबली तेव्हा तेथेच, सर्वांच्या मध्ये बसून, त्यांना पाजीतही असतील.